वॉरंटी संपली, पुढे काय?

फर्स्ट इयरला येताना मी पुण्यातून स्वस्तातला लॅपटॉप घेतला. चौदाव्या महिन्यात स्क्रीनची बिजागरी तुटली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "वॉरंटी संपली, विषय संपला."

म्हणून कायदा वाचला. लॅपटॉप किती वर्षं टिकावा याचा आकडा त्यात नाही. बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की थकते. ती झीज, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण बिजागरी? माझ्या मते डिग्रीची चार वर्षं तरी ती टिकायलाच हवी! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तू सदोष असेल तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. वॉरंटीची मुदत वेगळी, ही वेगळी. दोष मुळातला आहे हे मात्र आपणच दाखवायचं असतं. त्यासाठी बिल, जॉबशीट, फोटो जपून ठेवा (माझं बिल रद्दीत सापडलं). शिवाय पुण्याला खेटे नकोत. आम्हा लोहारेकरांना राहत्या जिल्ह्यात, धाराशिवच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. मी केलाय, उत्तराची वाट पाहतोय. तोवर स्क्रीनला पुस्तकांचा टेकू.