हूल केव्हा द्यावी?

पत्त्यांच्या खेळात हूल देणे म्हणजे धाडस, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हातात काही नसताना जो मोठी चाल करतो आणि समोरच्याला पाने टाकायला लावतो, त्याची गोष्ट पुढे वर्षभर पारावर रंगवून सांगितली जाते. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. हूल केव्हा द्यावी हा छातीचा नसून हिशेबाचा प्रश्न आहे, आणि पोकरच्या स्पर्धेत तो हिशेब फार स्वच्छ दिसतो, असे मला वाटते.

खान्देशाला हा विषय परका नाही. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी आणि झोके सुरू होतात, आणि त्याच दिवसांत गावोगावी पुरुषांचे पत्त्यांचे फड बसतात. तीन पत्ती ही तर पोकरच्याच कुळातली. दोन्हींत आपली पाने झाकलेली असतात, चाल मात्र सर्वांना दिसते. म्हणूनच हूल देता येते.

प्रथम पानांचे गणित पाहू. आपल्या चाळीसगावाजवळच्या पाटणादेवी येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. सहा रसांपासून किती मिश्रणे होतात हे काढण्याची रीत भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिली आहे. तीच रीत पत्त्यांना लावली, तर ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांपैकी १६,४४० हातांत ना जोडी, ना रंग, ना क्रम. म्हणजे चारपैकी सुमारे तीन वेळा प्रत्येकाच्या हातात काहीच नसते! समोरचाही बहुधा रिकामाच असतो, हा हुलीचा पाया होय.

आता दुसरा हिशेब. डावात १०० रुपये जमले आहेत आणि मी हूल म्हणून १०० रुपयांची चाल केली. समोरच्याने पाने टाकली तर मला १०० मिळतात, नाही टाकली तर माझे १०० जातात. तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्याने पाने टाकली तरच हूल फायद्याची. चाल ५० ची असेल तर तीनपैकी एक वेळ पुरे. २०० ची असेल तर तीनपैकी दोन वेळा हवी. मोठी हूल अधिक भीती घालते खरी, पण ती अधिक वेळा यशस्वीही व्हावी लागते.

यावर कोणी म्हणेल, मग कधीच हूल देऊ नये हे उत्तम. परंतु जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने येथेच मोलाचा विचार मांडला. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरवर स्वतंत्र विभाग लिहिला. जो कधीच हूल देत नाही, त्याने चाल केली की सगळे पाने टाकतात, आणि त्याच्या चांगल्या पानांनाही काही मिळत नाही. जो सदा हूल देतो, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. डावाइतक्याच रकमेची चाल असेल, तर तीन चालींत दोन खऱ्या आणि एक खोटी, असे प्रमाण निघते. मग समोरच्याने पाने दाखवायला लावली काय किंवा टाकली काय, त्याचा फायदा होत नाही.

स्पर्धेत याला आणखी एक बाजू जोडली जाते. पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर पोकरच्या स्पर्धा झाल्या आहेत. अशा स्पर्धेत प्रवेशशुल्क भरून सर्वांना सारख्या चिप्स मिळतात. चिप्स संपल्या की खेळाडू बाद, आणि बक्षीस फक्त वरच्या काही क्रमांकांना. समजा चार खेळाडू उरले, चौघांच्या चिप्स सारख्या आहेत आणि बक्षिसे तीन आहेत: ५००, ३०० व २००. प्रत्येकाचा वाटा सरासरी २५० रुपयांचा झाला. एकाने दुसऱ्याला बाद करून चिप्स दुप्पट केल्या, तर जिंकण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरून तो १/२ वेळा पहिला, १/३ वेळा दुसरा आणि १/६ वेळा तिसरा येईल. त्याचा वाटा होतो सुमारे ३८३. चिप्स दुप्पट, पण वाटा दुप्पट नाही! हरला तर मात्र २५० पूर्ण जातात. म्हणून सर्व चिप्सची चाल स्वीकारायची तर त्याला १०० पैकी सुमारे ६५ वेळा जिंकण्याची आशा हवी. अशा वेळी शहाणा माणूस पाने टाकतो. हूल द्यायची वेळ ती हीच.

परंतु कोणाला द्यावी? ज्याच्याजवळ अगदी थोड्या चिप्स उरल्या आहेत, त्याला सक्तीची चाल खाऊन टाकतच असते. तो पाने टाकणार नाही. ज्याच्याजवळ ढीग आहे, त्याला थोडे गेल्याचे दुःख नाही. हूल द्यावी मधल्याला, ज्याच्याजवळ राखण्यासारखे काही आहे.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. हे गणित मी घरी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. आईने शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग तुझ्या गणितात बियाण्याचे पैसे कुठे धरलेस?”

या प्रश्नाने मला फडाकडे पुन्हा पाहायला लावले. स्पर्धेत नुकसानीची मर्यादा प्रवेशशुल्कापुरती ठरलेली असते. फडात अशी मर्यादा नाही; खिसा संपला की उसनवारी सुरू होते. आखाजीनंतर महिना-दीड महिन्यात पेरणी येते. बियाण्याचे पैसे हरलेला माणूस अगदी थोड्या चिप्स उरलेल्या खेळाडूसारखा असतो. गेलेले परत मिळवण्यासाठी तो पाने टाकतच नाही. त्याला हूल देणे व्यर्थ, आणि त्याने दिलेली हूलही कोणी मानत नाही, कारण त्याची निकड सर्वांना दिसते. त्याच्या डावात घरची माणसेही हरतात, आणि त्यांना तर कोणी पाने वाटलेलीच नसतात.

पैशांचा जुगार रोखणारा कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे, आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. तरी फड बसतात हे आपण पाहतोच. म्हणून विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते की, चाल करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. समोरचा किती वेळा पाने टाकील? माझ्या आधीच्या चाली या चालीशी जुळतात काय? आणि हरलो तर जे जाईल ते खरोखर माझे एकट्याचे आहे काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोहोंचा हिशेब करण्याची गरजच नाही. पाने टाकून उठावे. त्यात कमीपणा कसला?