अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याची पारख : जुन्या नाण्यांच्या बाजारातून एक अभ्यास

इंटरनेटमुळे बाजारपेठेच्या भौगोलिक सीमा पुसट झाल्या आहेत. रायपूरच्या सदर बाजारातील सराफाकडे जाणारा ग्राहक केवळ वस्तू पाहून खरेदी करीत नाही. पेढी किती वर्षांची आहे, मालक कोण आहे, उद्या तक्रार घेऊन गेल्यास तो याच गादीवर भेटेल की नाही, या साऱ्याचा तो नकळत विचार करीत असतो. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर जुने नाणे, नोट किंवा टपाल तिकीट विकणाऱ्या अनोळखी व्यक्तीबाबत यांपैकी काहीच ठाऊक नसते. अशा विक्रेत्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न छंदापुरता मर्यादित नाही. अर्थशास्त्र, ग्राहक संरक्षण, सायबर सुरक्षा आणि सांस्कृतिक वारसा या चार विषयांचा येथे संगम होतो. म्हणूनच स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी तो पद्धतशीरपणे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

माहितीची विषमता

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक मूलभूत सिद्धांत मांडला. वस्तूचा खरा दर्जा विक्रेत्याला माहीत असतो, ग्राहकाला नसतो. त्यामुळे ग्राहक सरासरी दर्जा गृहीत धरूनच किंमत देऊ पाहतो. ती किंमत चांगल्या वस्तूच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि निकृष्ट माल शिल्लक राहतो. यावर उपाय म्हणजे विक्रेत्याने दिलेले विश्वासार्ह ‘संकेत’. त्यांचे विवेचन मायकेल स्पेन्स यांनी केले. अकरलॉफ, स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्रातील नोबेल स्मृती पारितोषिक विभागून देण्यात आले.

या विवेचनातून आपल्या विषयासाठी एक सूत्र हाती लागते. जो संकेत प्रामाणिक विक्रेत्याला सहज देता येतो, परंतु लबाड विक्रेत्याला देणे महाग किंवा अशक्य असते, तोच संकेत विश्वासास पात्र होय. सुबक संकेतस्थळ, पत्त्यापुढील कुलपाचे चिन्ह, प्रमाणपत्राचे छायाचित्र, शासकीय बोधचिन्ह वा सैनिक असल्याचे ओळखपत्र या गोष्टी कोणालाही अल्प खर्चात उभ्या करता येतात. कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की, माहितीची देवाणघेवाण सांकेतिक स्वरूपात होत आहे. पलीकडची व्यक्ती प्रामाणिक असल्याची ग्वाही ते देत नाही.

रायपूरचा परिसर आणि नाण्यांचा बाजार

छत्तीसगड हा नाणकशास्त्राच्या दृष्टीने समृद्ध प्रदेश आहे. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या देणगीतून १८७५ मध्ये स्थापन झालेले रायपूरचे संग्रहालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची सुवर्णनाणी ही या भूमीची खास ओळख. पातळ सोन्याच्या पत्र्यावर मागून दाब देऊन आकृती उठविलेली असल्याने तिच्यात आकृती व अक्षरे एकाच बाजूस वाचता येतात आणि मागे तिचाच उलटा खोलगट ठसा दिसतो. गरुड, शंख, चक्र आणि पेटिकाशीर्ष ब्राह्मी लिपीतील राजाचे नाव ही त्यांची लक्षणे होत. पुढील काळात रतनपूरच्या कलचुरी राजांनी एका बाजूस गजशार्दूल आणि दुसऱ्या बाजूस नागरी लिपीत राजाचे नाव असलेली सुवर्णनाणी पाडली. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला कलचुरी-चेदी संवताच्या शिलालेखांचा खंड १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. या राजवंशाच्या अभ्यासाचा तो पाया मानला जातो.

ही माहिती खरेदीदाराच्या थेट उपयोगाची आहे. ‘प्रसन्नमात्राचे नाणे’ म्हणून दोन्ही बाजूंस स्वतंत्र आकृती असलेली जाड चकती कोणी दाखवीत असेल, तर दावा तेथेच कोसळतो. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि राम-सीता वा हनुमान यांची चित्रे असलेले तांब्याचे ‘नाणे’ लाखो रुपयांना विकले जात असल्याच्या जाहिराती याच प्रकारच्या. कंपनीने असे चलन कधीही काढले नव्हते. या वस्तू पुढे तयार झालेल्या धार्मिक मुद्रा वा कल्पित नाणी आहेत.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून जनतेला सावध केले, ते याच पार्श्वभूमीवर. काही घटक बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा व नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागत असल्याचे निदर्शनास आले होते. आपण अशा व्यवहारांत सहभागी नाही, कोणतेही शुल्क मागत नाही आणि त्यासाठी कोणालाही अधिकार दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले.

पहिली कसोटी : विक्रेत्याची ओळख

विक्रेत्याने दिलेली माहिती विक्रेत्याकडूनच पडताळून घेणे व्यर्थ आहे. ती स्वतंत्र स्रोताकडून तपासली पाहिजे. जीएसटी नोंदणी क्रमांक १५ अक्षरांकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढील दहा अक्षरांक पॅनचे असतात. छत्तीसगडचा संकेतांक २२, तर महाराष्ट्राचा २७ आहे. जीएसटीच्या अधिकृत संकेतस्थळावर हा क्रमांक टाकल्यास नोंदणीकृत नाव आणि नोंदणीची तारीख कळते. विक्रेता रायपूरचा पत्ता सांगत असेल आणि क्रमांक दुसऱ्याच राज्यातील व दुसऱ्याच नावाचा असेल, तर त्याचे स्पष्टीकरण मागावे. मात्र क्रमांक नसणे म्हणजे फसवणूक नव्हे. ठरावीक उलाढालीपेक्षा लहान विक्रेत्यांना नोंदणी सक्तीची नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा विक्रेत्यांना काही अटींवर राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीचीही मुभा देण्यात आली आहे.

ग्राहकांचे अभिप्राय वाचताना संख्येपेक्षा त्यांचे स्वरूप पाहावे. थोड्याच दिवसांत आलेले, एकाच धाटणीचे अनेक स्तुतिपर अभिप्राय संशयास्पद समजावेत. शंभर रुपयांच्या वस्तू विकून मिळविलेला नावलौकिक पन्नास हजारांच्या नाण्यासाठी पुरेसा नसतो. त्याच प्रकारच्या व त्याच किमतीच्या वस्तूंबाबत काय अनुभव आले, हे पाहावे. नाराज ग्राहकाला विक्रेत्याने काय उत्तर दिले, ते विशेष बोलके असते. ऑनलाइन अभिप्रायांच्या संकलनासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे.

दुसरी कसोटी : वस्तू

लबाड विक्रेत्याकडे बहुधा वस्तूच नसते. त्याच्याकडे लिलावाच्या सूचीतून उचललेले छायाचित्र असते. म्हणून नाण्याशेजारी आजची तारीख व खरेदीदाराने सुचविलेला एखादा शब्द लिहिलेला कागद ठेवून नवे छायाचित्र मागावे. दोन्ही बाजू, कडा आणि वजनकाट्यावरील आकडा त्यात दिसावा. प्रामाणिक विक्रेत्याला हे दोन मिनिटांचे काम आहे. ज्याच्याकडे नाणेच नाही, त्याला ते जड जाते. छायाचित्रांत फेरफार करणारी साधने आता सुलभ झाली असल्याने महाग वस्तूसाठी प्रत्यक्ष व्हिडिओ संवादाचा आग्रह धरावा.

मापांचा आधार घेणे तितकेच आवश्यक आहे. व्हिक्टोरियाच्या काळातील रुपयाचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदीची शुद्धता ९१.७ टक्के होती. म्हणजे त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. असा रुपया तेवढ्या चांदीच्या चालू भावापेक्षाही स्वस्तात मिळत असेल, तर विक्रेता उदार आहे असे न मानता, रुपया खरा आहे का, असे विचारावे. याउलट जॉर्ज सहाव्याचा १९३९ सालचा रुपया संग्राहकांत अत्यंत दुर्मीळ मानला जातो. अन्य सालाच्या रुपयावर अंक बदलून त्याची नक्कल करण्याचा मोह म्हणूनच मोठा असतो. अशा नाण्यासाठी तज्ज्ञाचे मत घेतल्याविना व्यवहार करू नये. एनजीसी वा पीसीजीएस यांसारख्या संस्थांनी श्रेणी देऊन पेटीबंद केलेल्या नाण्यावर क्रमांक असतो. तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. परंतु खरा क्रमांक खोट्या पेटीवर छापता येत असल्याने, तेथील छायाचित्राशी नाण्यावरील बारीक खुणा जुळवून पाहाव्यात.

तिसरा भाग वस्तूच्या इतिहासाचा. नाणे कोठून, कोणाकडून व केव्हा आले, याची पावती वा नोंद मागावी. ‘शेतात नांगरताना सापडले’ हे उत्तर आकर्षक वाटले, तरी ते धोक्याची सूचना देते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याच्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये किमान शंभर वर्षे जुने नाणे हे पुरावशेषाच्या व्याख्येत येते. पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तींना त्यांची निर्यात करता येत नाही. बेकायदा मार्गाने आलेले नाणे खरे असले, तरी ते विकत घेणे हे वारशाच्या लुटीला हातभार लावण्यासारखे आहे. उत्खननाच्या संदर्भातून तुटलेले नाणे इतिहासकाराच्या दृष्टीने अर्धे मुके होते.

तिसरी कसोटी : पैशाचा मार्ग

पहिल्या दोन कसोट्यांत त्रुटी राहिली, तरी तिसरी कसोटी नुकसान रोखू शकते. पैसे परत मिळविण्याचा मार्ग खुला राहील, अशी देयपद्धती निवडावी. वस्तू पाहून पैसे देणे, मंचाने ग्राहकाची खात्री होईपर्यंत रक्कम रोखून ठेवणे किंवा क्रेडिट कार्डावरील व्यवहारास हरकत घेण्याची सोय असणे, हे त्याचे प्रकार होत. विक्रेता मंचाबाहेर येऊन थेट खात्यात रक्कम भरण्याचा आग्रह धरीत असेल, तर तो ग्राहकाचे संरक्षक कवचच काढून घेत असतो. ‘आज संध्याकाळपर्यंतच’ अशी घाई हाही त्याच डावाचा भाग होय.

नाणे विकू पाहणाऱ्यांनीही सावध राहावे. आपल्या जुन्या नोटेला मोठी किंमत देऊ करून आधी ‘नोंदणी शुल्क’ वा ‘कर’ मागणारा ग्राहक हा ग्राहक नसतो. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे पक्के ध्यानात ठेवावे.

कायद्याची चौकट आणि तिची मर्यादा

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ग्राहकाच्या व्याख्येत ऑनलाइन खरेदीचा स्पष्ट समावेश आहे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ई-वाणिज्य नियमांनुसार मंचाने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्यात तिचे निवारण करणे आवश्यक आहे. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहू नयेत. वस्तू बनावट किंवा वर्णनाशी विसंगत निघाल्यास ती परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही.

परीक्षार्थींनी एक मर्यादा विशेष लक्षात घ्यावी. नियमित वा पद्धतशीर व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक नात्याने एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला हे ई-वाणिज्य नियम लागू होत नाहीत. आजोबांचा संग्रह विकणारा नातू प्रामाणिक असू शकतो. मात्र त्याच्याबाबतीत कायद्याचे संरक्षण तोकडे असल्याने पहिल्या तीन कसोट्यांचे महत्त्व वाढते.

ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दूरच्या राज्यातील असला, तरी रायपूरच्या ग्राहकाला रायपुरातच दाद मागता येते, ही २०१९ च्या कायद्याची महत्त्वाची देणगी होय. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आर्थिक सायबर फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० वर कळवावे, कारण रक्कम पुढे वळती होण्यापूर्वीच ती गोठविता येते. जाहिरात, संभाषण, पावती आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावेत. संगणकीय साधनाद्वारे तोतयागिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड अन्वये गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

समारोप

ऑनलाइन बाजारात अविश्वास हाच नियम केला, तर प्रामाणिक लहान विक्रेता सर्वांत आधी बाहेर फेकला जाईल आणि अकरलॉफ यांनी वर्णिलेला निकृष्ट बाजारच उरेल. अंधविश्वास ठेवला, तर कुटुंबाची बचत धोक्यात येते. या दोन टोकांमधील मार्ग म्हणजे पारख. विक्रेता किती गोड बोलतो यापेक्षा, खोटे ठरल्यास त्याचे काय बुडणार आहे, हे तपासणारा ग्राहक स्वतःचे रक्षण करतोच, शिवाय खऱ्या विक्रेत्यालाही बाजारात टिकण्याचे बळ देतो.

सरावासाठी प्रश्न

१. ‘माहितीची विषमता’ ही संकल्पना ऑनलाइन बाजाराच्या संदर्भात स्पष्ट करा.

२. ई-वाणिज्य नियम, २०२० मधील विक्रेत्याच्या जबाबदाऱ्या सांगून त्या नियमांच्या व्याप्तीची मर्यादा विशद करा.

३. जुन्या नाण्यांच्या खासगी व्यापाराचा सांस्कृतिक वारशाच्या जतनाशी कोणता संबंध आहे? संबंधित कायद्यांच्या आधारे चर्चा करा.