आधी वही, मग अ‍ॅप

सेरेब्रल पाल्सी असलेल्या, अधूनमधून फिट येणाऱ्या मुलाला दिवसभरात पाच-सहा माणसं सांभाळतात: आई-बाबा, आजी, रिक्षावाले काका, शाळेतल्या विशेष शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट. एकाचं दुसऱ्याला कळवायचं काम बहुतेक घरांत एकट्या आईवर पडतं. तिचा हा भार उतरवणारं अ‍ॅप करायचं असेल तर असं करा.

पहिल्यांदा या सगळ्यांना भेटा. मूल ताब्यात घेताना तुम्हाला काय कळायला हवं, एवढंच विचारा. आजीला औषध दिलं का ते हवं असतं, बाईंना रात्री झोप झाली का ते. उत्तरांप्रमाणे वहीत रकाने आखा आणि आठवडाभर ती वही दप्तरातून फिरवा. जे रकाने रिकामे राहतील ते अ‍ॅपमध्ये घेऊ नका.

मग औषधाची स्क्रीन. सगळ्यात जास्त वेळ हिला द्या. फिटच्या गोळीचा डोस चुकला तर फिट येऊ शकते, आणि आईने दिलेला डोस आजीने पुन्हा दिला तर तेही धोक्याचं. म्हणून प्रत्येक डोसपुढे 'दिलं' असं एकच मोठं बटण ठेवा. ते दाबताच वेळ आणि देणाऱ्याचं नाव नोंदलं जावं, बाकीच्यांच्या फोनवर ते बटण बंद व्हावं. औषध सिरप असेल तर डोस मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत दाखवा. बाटली बदलली की औषधाचं प्रमाण बदलू शकतं. डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठीचा फोटो जोडल्याशिवाय डोस बदलताच येऊ नये. रेंज नसेल तेव्हा नोंद फोनमध्ये साठवा, पण 'ही माहिती सकाळी ७.४० ची आहे, फोन करून विचारा' असं ठळक दिसू द्या.

फिट आल्यावर काय करायचं ते पान नेटशिवाय, पासवर्डशिवाय उघडलं पाहिजे: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, वेळ बघा, ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा. रिक्षावाल्या काकांना एवढंच पान द्या. मुलाचे रिपोर्ट त्यांना दिसायचं कारण नाही.

टायपिंग शक्यतो नकोच. नोंद मराठीत बोलून करता यावी. थेरपिस्टने आठवड्याला एकच व्यायाम, छोट्या व्हिडिओसह टाकावा. दहा व्यायामांची यादी घरी कुणाच्याने होत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं असावं, असं कायदा सांगतो. म्हणून शाळा किंवा थेरपिस्ट बदलल्यावर त्यांचा प्रवेश पालकांना एका बटणात बंद करता यायला हवा.

चाचणी एकाच घरापासून सुरू करा. आजीच्या हातात फोन द्या आणि काही न शिकवता डोसची नोंद करायला सांगा. त्यांना ती जमली नाही तर स्क्रीन नव्याने करा.