वादकांचे मौन

प्रस्तावना

तुम्ही एखादे काम कोणाच्या तरी हाताखाली शिकला असाल. शिवणकाम, सुतारकाम, गवंडीकाम किंवा स्वयंपाक शिकताना 'नुसते बघत राहा, हळूहळू जमेल' एवढेच उत्तर तुम्हांलाही मिळाले असेल. उत्तम काम करणारा माणूस आपल्या कामाविषयी फारसे बोलत का नाही, असा प्रश्न अशा वेळी मनात येतो. संगीताच्या क्षेत्रात तर हे मौन विशेष जाणवते. या मौनाची कारणे कोणती आणि त्याचे परिणाम काय, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मूळ पाठ

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला बेहाला नावाची जुनी वस्ती आहे. डायमंड हार्बर मार्ग या वस्तीतून जातो आणि डिसेंबर २०२२ पासून त्यावरून मेट्रोही धावते. क्रिकेटपटू सौरव गांगुली याच भागात लहानाचे मोठे झाले, त्यामुळे हे नाव महाराष्ट्रातही परिचित आहे. बंगाली भाषेत 'बेहाला' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. व्हायोलिन या वाद्याला बंगाली माणूस 'बेहाला' म्हणतो. पोर्तुगीज भाषेतील 'व्हिओला' या शब्दावरून हे नाव आले. वस्तीचे नाव वाद्यावरून पडलेले नाही. दोन शब्दांचे हे साम्य केवळ योगायोगाचे आहे.

कोलकाता हे शास्त्रीय संगीताच्या चाहत्यांचे शहर आहे. १९५२ साली सुरू झालेल्या डोव्हर लेन संगीत परिषदेसारख्या मैफली येथे रात्ररात्र रंगतात. अशा मैफलीत रंगमंचामागे दोन वादक भेटतात, तेव्हा काय घडते? ते एकमेकांना नमस्कार करतात, प्रकृतीची विचारपूस करतात, चहा घेतात, प्रवासाविषयी बोलतात. 'आज छान झाले' एवढे एखादे वाक्य होते. पण 'तुम्ही तो स्वर असा का लावलात?' हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्या गोष्टीसाठी दोघांनी आयुष्य वेचले, नेमकी तीच गोष्ट संभाषणातून वगळली जाते.

याचे पहिले कारण उपजीविकेचे आहे. पूर्वी गायक-वादक राजदरबारांच्या आश्रयावर जगत. कंठात आणि हातात असलेली विद्या हीच त्यांची मिळकत होती. दुर्मिळ बंदिश दुसऱ्याच्या हाती गेली, तर आपले वेगळेपण संपेल आणि आश्रयही जाईल, अशी भीती त्यांना वाटे. तबलावादनाच्या फरुखाबाद घराण्याविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. या घराण्याचे हाजी विलायत अली खाँ यांना विवाहात पाचशे गती हुंडा म्हणून मिळाल्या, असे म्हणतात. आकडा किती खरा, हा भाग वेगळा. परंतु रचनांची गणना दागिन्यांसारखी होत असे, हे या कथेवरून दिसते. दागिने कोणी चव्हाट्यावर मांडत नाही.

दुसरे कारण मर्यादेचे आहे. शिष्य गुरूचे नाव घेताना आदराने कानाला हात लावतो. त्याच्या वादनात जे असते, ते त्याला गुरूकडून मिळालेले असते. त्याच्या वादनावर टीका केली, तर ती नकळत त्याच्या गुरूपर्यंत पोहोचते. म्हणून जाणता कलावंत दुसऱ्याच्या वादनाविषयी मत देताना जपून बोलतो. हे मौन भीतीचे नसून आदराचे आहे.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. काही ज्ञान शब्दांत मावतच नाही. सतारीच्या दांडीवर पडदे असतात; बोट कोठे ठेवायचे याची खूण डोळ्यांना दिसते. व्हायोलिनच्या पट्टीवर तशी कोणतीही खूण नसते. बोट केसभर सरकले तरी स्वर बिघडतो. योग्य जागा कानाने शोधावी लागते आणि हजारो वेळा शोधल्यावर ती बोटाला सापडते. गजावर किती भार द्यावा, हेही हातालाच कळते. ज्याला हे साधले आहे, त्यालाही ते सांगता येईलच असे नाही. अशा वेळी गुरू 'असे' म्हणतो आणि वाजवून दाखवतो. त्याचे 'असे' हेच त्याचे स्पष्टीकरण असते.

म्हणजे वादक एकमेकांशी बोलतच नाहीत काय? ते बोलतात, पण बहुधा वाद्यांतून. पंडित विष्णू गोविंद जोग यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९२२ साली जन्मलेल्या या मराठी व्हायोलिनवादकाने आकाशवाणीत काम केले आणि आयुष्याचा मोठा काळ कोलकात्यात घालवला. उत्तर हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिन तेव्हा नवे होते. त्याला सतार-सरोदासारखी जुनी घराणी नव्हती. त्यामुळे जोगांनी गायनाचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडून शिक्षण घेतले आणि सरोदवादक अल्लाउद्दीन खाँ यांचेही मार्गदर्शन मिळवले. पुढे सनईवादक बिस्मिल्ला खाँ यांच्याबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदी विशेष गाजल्या. जुगलबंदीत एकाने स्वरवाक्य मांडायचे, दुसऱ्याने ते ऐकून उत्तर द्यायचे. तेथे प्रश्न असतो, उत्तर असते, थट्टा असते आणि दादही असते. हाही एक संवादच होय. १९८३ साली 'पद्मभूषण' या सन्मानाने गौरवलेले जोग २००४ साली कोलकात्यात निवर्तले.

तथापि मौनाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आदराचे मौन शोभून दिसते. परंतु भीतीपोटी पाळलेल्या मौनाची किंमत विद्येला मोजावी लागते. उस्तादाने जी बंदिश कोणालाच दिली नाही, ती त्याच्याबरोबर कायमची जाते. ही हानी पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ओळखली. पेशाने वकील असलेले भातखंडे देशभर हिंडले. १९०७ साली ते कोलकात्यासही आले होते. गावोगावच्या कलावंतांना त्यांनी रागांविषयी प्रश्न विचारले. काहींनी टाळाटाळ केली, तर काहींनी मोकळ्या मनाने आपला ठेवा दिला. त्यातूनच 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग सिद्ध झाले आणि शेकडो बंदिशी सर्वांसाठी खुल्या झाल्या. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने लखनौ येथे संगीत महाविद्यालय निघाले. रातंजनकर तेथेच प्राचार्य झाले आणि जोगांनीही तेथे अध्यापन केले. एका माणसाने प्रश्न विचारण्याचे धाडस केले, म्हणून पुढच्या पिढ्यांना विद्या मिळाली.

कोलकात्यातही असेच घडले. ज्या फरुखाबाद घराण्याच्या गती हुंड्यात दिल्या गेल्याचे सांगतात, त्याच घराण्याच्या मसीत खाँ यांनी ज्ञानप्रकाश घोष यांना विद्या दिली. घोष हे त्यांच्या घराण्यातील नव्हते. पुढे डिक्सन लेनमधील घोषांचे घर कलावंतांचे भेटीचे ठिकाण बनले. तेथे शंकर घोष, अनिंदो चटर्जी यांच्यासारखे तबलावादक घडले. कुटुंबाच्या पेटीतील ठेवा अशा रीतीने शहराचा झाला.

अर्थात लिहून ठेवले किंवा बोलून दाखवले, म्हणजे सर्व काही साधते असे नाही. पुस्तकात बंदिशीचे स्वर मिळतात; तो स्वर कसा लावायचा, हे ऐकूनच शिकावे लागते. म्हणून बोलणे आणि ऐकणे या दोन्हींची गरज आहे. बरोबरीच्या कलावंतांनी एकमेकांविषयी संयम राखावा, हे योग्यच आहे. पण शिकणाऱ्याने विचारलेच पाहिजे आणि जाणत्याने, जेवढे सांगता येईल तेवढे, सांगितलेच पाहिजे. जेथे शब्द अपुरे पडतील, तेथे करून दाखवावे. हे केवळ संगीतालाच लागू नाही. कपडा बेतणारा शिंपी, लोहार, वैदू, सुईण या सर्वांच्या हातांत असेच न लिहिलेले ज्ञान आहे. ते पुढच्या हातात गेले, तरच टिकते.

शब्दार्थ

गत – तबल्यावरील बांधलेली रचना
बंदिश – ताल-स्वरांत बांधलेले गीत, चीज
मर्यादा – वागण्या-बोलण्यातील आदराची सीमा
गज – व्हायोलिन ज्याने वाजवतात ती केस ताणलेली काठी
चव्हाटा – चार रस्ते मिळतात ती जागा, सार्वजनिक ठिकाण
वैदू – झाडपाल्याची औषधे देणारा

स्वाध्याय

१. वादकांच्या मौनाची कोणती तीन कारणे पाठात दिली आहेत? प्रत्येक कारण एका वाक्यात लिहा.
२. व्हायोलिन शिकवताना शब्द अपुरे का पडतात?
३. 'आदराचे मौन' आणि 'भीतीचे मौन' यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
४. भातखंडे यांनी प्रश्न विचारले नसते, तर काय झाले असते? तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या कुशल कारागिराला भेटा. त्याला आपले काम शब्दांत सांगता येते का, की तो करून दाखवतो, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.