*लाईट गेली-आली? नळयोजनेच्या प्लांटवर एवढं पाळा*


पावसात उल्हासचं पाणी गढूळ. त्यात लाईट जाते-येते, तेव्हाच पाणी बिघडतं.

⛔ *बंद होताना:* पंप थांबला तरी तुरटी-क्लोरीनच्या टाकीचा कॉक ठिबकतच राहतो. आधी तो बंद करा, नाहीतर औषध एका जागी साचतं.

✅ *सुरू करताना:* पंपासोबतच तुरटी सोडा. धक्क्याने वाळूच्या फिल्टरमधला गाळ सुटतो, म्हणून पहिलं पाणी बाहेर काढा. नितळ झालं की टाकीत घ्या, क्लोरीन द्या, अर्धा तास थांबा, मगच गावाला सोडा. शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं.

🏠 *घरी:* नळाचं पहिलं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका, परसातल्या झाडांना घाला. शंका वाटली तर उकळूनच प्या.