बेवड चांगला का असतो?

मित्रांनो, 'बेवड' हा शब्द आपण सगळ्यांनी घरी ऐकलेला आहे. आधीच्या पिकाचा जो गुण रानात मागे राहतो, त्याला बेवड म्हणतात. माझे आजोबा नेहमी सांगतात, "खरिपात मूग घ्या आणि रब्बीला त्याच रानात ज्वारी पेरा. मुगाचा बेवड ज्वारीला मानवतो." हे खरे का आहे, ते मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले आणि रानात नेऊन दाखवलेही. तेच येथे लिहीत आहे.

ताट समोर, पण घास नाही

हवेच्या १०० भागांत सुमारे ७८ भाग नत्र वायू असतो. पिकाला वाढायला नत्र लागतेच. ते कमी पडले की खालची पाने पिवळी पडतात. पण ज्वारी, गहू, कपाशी यांना हवेतले नत्र घेताच येत नाही. त्यांना ते मुळांतून, जमिनीतल्या पाण्यात विरघळलेले लागते. म्हणून आपण शेणखत घालतो, युरिया घालतो.

युरियासाठी कारखान्यात हवेतले नत्र घेऊन आधी अमोनिया करतात. त्याला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि फार मोठा दाब लागतो. अलिबागजवळ थळ येथे असा कारखाना आहे. मग मूग हेच काम गार मातीत कसे करतो?

शोध कसा लागला?

जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ नावाचे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांनी कुंड्यांत वाळू भरली. ती तापवून तिच्यातले जंतू मारले. मग तिच्यात ओट नावाचे धान्य आणि वाटाणा लावला. नत्र दिले नाही, म्हणून दोन्ही रोपे खुरटली. नंतर त्यांनी शेतातली माती पाण्यात कालवून ते पाणी थोडे थोडे घातले. ओट खुरटलेलाच राहिला. वाटाणा मात्र हिरवागार झाला आणि त्याच्या मुळांवर गाठी आल्या! तेच पाणी उकळून घातले तर गाठी येईनात. म्हणजे मातीत काहीतरी जिवंत होते. हा शोध त्यांनी १८८६ साली जाहीर केला. १८८८ साली नेदरलँड्सच्या बायरिंक यांनी गाठींतले जिवाणू वेगळे काढून वाढवून दाखवले. त्यांना रायझोबियम म्हणतात.

झाड या जिवाणूंना साखर देते आणि राहायला गाठ देते. जिवाणू हवेतले नत्र झाडाला पचेल असे करून देतात. आपल्याकडे दोन घरे एकमेकांच्या रानात सावड करतात ना, तशीच ही सावड!

आम्ही काय पाहिले?

पेरून पाच आठवडे झालेला आमचा मूग आम्ही खुरप्याने मातीसकट काढला आणि बादलीत धुतला. एका रोपावर मी १९ गाठी मोजल्या. नखाने फोडली तर आतून गुलाबी! गुलाबी म्हणजे गाठ काम करते आहे. बांधाजवळ युरिया सांडला होता, तिथल्या रोपावर ४ च गाठी होत्या. गुरुजी म्हणाले, "आयते मिळाले की झाड सावड करत नाही."

हे बाबांनी ऐकले. दरसाल आम्ही मुगावर वरून युरिया टाकायचो. यंदा टाकला नाही. ते पोते उधारीवर आणावे लागते, म्हणून आईला बरे वाटले. मूग काढेपर्यंत पाने हिरवीच राहिली.

हे लक्षात ठेवा

१. बेवड म्हणजे जादू नव्हे. पुष्कळसे नत्र दाण्यात जाते आणि दाणा आपण घरी नेतो. रानाला उरते ते मुळांत आणि गळलेल्या पानांत. म्हणून झाड उपटू नका, विळ्याने कापा. पालापाचोळा जाळू नका. ज्वारीला शेणखत द्यायचेच.

२. प्रत्येक डाळीचा जिवाणू सारखा नसतो. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. पाकिटावर पिकाचे नाव वाचून घ्यावे.

३. १० ते १५ किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट पुरते. गुळाच्या गार पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे, लगेच पेरावे. उन्हात ठेवले तर जिवाणू मरतात. बुरशीचे औषध लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

करून पाहा

हरभरा पेरून दीड महिना झाला की एक रोप मातीसकट काढून धुवा. मुळावरची फुगीर गाठ बोटाने सहज सुटली तर ती जिवाणूंची. मूळच सुजलेले असेल आणि गाठ सुटत नसेल, तर ती सूत्रकृमी या किडीची खूण. ते रोप गुरुजींना दाखवा.

सांगा पाहू!

१. ओट आणि वाटाणा यांत कोण वाढले? का?
२. गाठ आतून गुलाबी असेल तर काय समजावे?
३. तुमच्या घरी कोणत्या पिकाचा बेवड चांगला मानतात? आजी-आजोबांना विचारून लिहून आणा. सगळ्यांची उत्तरे आपण पुढच्या अंकात लावू.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी