रात्रीची लाईट आणि सकाळची बोटं

चि. सौ. सोनू हिस,


परवा फोनवर म्हणालीस, "आत्याबाई म्हणतात, मनाला लावून घेतेस म्हणून सांधे धरतात." हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरंच माणसाला जास्त छळतं. आमवात तुला ताणामुळेच झाला, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, असा हा आजार. आपल्याच जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रांच्या पथकाने घरोघर पाहणी केली. प्रौढांत शेकडा अर्धा, म्हणजे दोनशे माणसांमागे एक, एवढं याचं प्रमाण निघालं. ती सगळी काय मनाला लावून घेणारी माणसं होती?

पण झालेला आमवात ताणाने भडकतो, हे मात्र खरं. तुझंच बघ. शेतीपंपांना रात्रीची लाईट असली की जावईबापू उसाच्या कडेने मोटार चालू करायला जातात आणि बिबट्याच्या धास्तीने तू ते परत येईतो जागी. सकाळी मूठ वळत नाही, पीठ मळवत नाही, नऊ वाजले तरी बोटं ताठच. हे ढोंग नव्हे. धास्तीत शरीर कॉर्टिसोल सोडतं आणि ते एरवी सूज आवरतं. (१९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये याचंच भावंड, कॉर्टिसोन, आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं. दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं.) धास्ती रोजचीच झाली की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. त्यात झोपमोड झाली की तेवढंच दुखणं दुप्पट वाटतं.

सूज आवरायची आणखी एक सोय शरीरात आहे. मेंदूतून निघून छातीपोटात उतरणारी व्हेगस नावाची नस. ती हृदयाचे ठोके संथ करते, तशी सूज वाढवणाऱ्या रसायनांनाही आवर घालते. १७ रुग्णांच्या शरीरात यंत्र बसवून ही नस चेतवल्याचा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. बऱ्याच जणांचे सांधे हलके झाले, यंत्र बंद ठेवलं तेव्हा पुन्हा बिघडले. प्रयोग लहान होता, आणि नुसत्या श्वासाने तेवढंच साधतं असं मोबाईलवरचे गुरू म्हणोत, मी म्हणणार नाही. रात्री पडल्यावर श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ तो सोडायला लाव. जीव शांत होतो, झोप लागायला मदत होते. तेवढं पुरे.

बरं वाटावं म्हणून ज्ञानोबांच्या रेड्याच्या समाधीला नवस बोललीस म्हणे. बोल की. आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी मात्र आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वारी. चुकून रोज घेतलीस तर जिवावर बेतेल. फॉलिक ॲसिड सांगितल्याप्रमाणे घे, रक्ततपासणी टाळू नकोस. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांग. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहता कामा नयेत. आणि फाट्यावरून कुणी बिननावाची पुडी आणून दिली तर घेऊ नकोस. एका रात्रीत उतार पडला तर आत स्टेरॉईड असायची दाट शंका. डॉक्टरांनी स्वतः स्टेरॉईड दिलं असेल तर तेही आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही.

आता खरं काम घरातलं. कांदा लागवडीच्या दिवसांत बायांचा स्वयंपाक तू एकटीने उरकायचा, हे बंद. आत्याबाईंना मी फोन करते, तू बोलू नकोस; सुनेने बोललं की भांडण, विहिणीने बोललं की सल्ला. जावईबापूंना म्हणावं, ठिबक आहेच, तर मोटारीला मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर बसवून घ्या. गाडीचे टायर पुढच्या हंगामाला बदलता येतील. स्टार्टरचे निम्मे पैसे मी देते, आणि त्यावर वाद नको.

तुझी,
मावशी